खोल सफाईनंतर हिरड्या जपताना

हिरड्यांच्या आजारात दाताच्या मुळाशी साचलेले कीटण खरवडून काढतात. त्यानंतर सैल झालेली हिरडी दाताला पुन्हा घट्ट बिलगायला काही आठवडे लागतात. पहिले दोन दिवस जपायचे. मऊ भात, कोमट डाळ, ओल्या बोंबलाचे कालवण चालेल. सुका बोंबील, पापड, तिखट नको. थोडे रक्त, थंड पाण्याची शिणक हे अपेक्षित असते. वाहते रक्त थांबत नसेल, सूज किंवा ताप वाढला, तर लगेच दंतवैद्य गाठा.

ब्रश सोडू नका. मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवा. क्लोरहेक्झिडिनच्या गुळण्या सांगितल्या तेवढेच दिवस करा, जास्त काळ केल्यास दातांवर डाग पडतात.

खरा शत्रू तंबाखू. तारापूरच्या कारखान्यांत रात्रपाळीला झोप उडवायला मळलेली चिमूट आणि घरातली मशेरी, दोन्ही जखमेलाच लागतात. धूम्रपानाने हिरडीचा रक्तपुरवठा मंदावतो, भरून येणे लांबते. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवीच.

साधारण सहा आठवड्यांनी फेरतपासणी असते. दुखत नाही म्हणून ती टाळू नका. हा आजार बहुतेकदा न दुखताच वाढतो.