ठसा उमटवा, मग टाका घाला

हाताने कोरलेल्या ठशांनी कापड छापायचे, ते कापून तुकडे जुळवायचे आणि टाके घालून चित्र पुरे करायचे, अशा रीतीने कापडी कोलाज तयार होते. या कामात ठसा आकार देतो आणि टाका रेषा. ही विभागणी लक्षात ठेवली की ठशात फार बारकावे कोरण्याची गरज उरत नाही.

कापडछपाईच्या ठशांची आपल्याकडची परंपरा लाकडी आहे. राजस्थानातील सांगानेर आणि बगरू इथल्या छपाईला सागवान, शिसवासारख्या लाकडाचे कोरीव ठसे वापरले जातात. गुजरातेत गांधीनगरजवळचे पेथापूर तर ठसे कोरणाऱ्या कारागिरांसाठीच ओळखले जाते. घरच्या कामाला मात्र मऊ साहित्य पुरते. शाळेतल्या ठसेकामात वापरतात ती भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचे फूल मिळते. बटाट्यावर हवा तो आकार कोरता येतो, पण कापलेला भाग आधी फडक्याने टिपावा लागतो. नाहीतर त्यातल्या पाण्याने रंग फुटतो. भाजीचा ठसा एका बैठकीपुरताच टिकतो. तोच नमुना पुन्हा लागणार असेल तर खोडरबर किंवा लिनोलियम घ्यावे. लाकडी ठोकळ्याला फोमचे आकार चिकटवले किंवा सुतळी गुंडाळली तरी चांगला ठसा होतो.

लिनो थोडे उन्हात ठेवले की मऊ पडते आणि सहज कोरले जाते. पाते नेहमी धरलेल्या हातापासून दूर चालवावे. उठावाच्या कडा तळाशी रुंद ठेवाव्यात. आतून पोखरलेली कड दाबाखाली तुटते. ठसा उलटा उमटत असल्याने अक्षरे आणि आकडे उलटेच कोरावे लागतात.

छपाईसाठी सुती कापड उत्तम. नव्या कापडाला खळ असते आणि ती रंग धाग्यात मुरू देत नाही, म्हणून ते आधी धुऊन, वाळवून इस्त्री करावे. टेबलावर घडी घातलेली चादर आणि तिच्यावर जुने फडके अंथरले की ठसा सगळीकडे सारखा टेकतो. कापडाचा रंग स्पंजाने टिपत ठशाला लावावा. ठसा रंगात बुडवला तर खाचा भरतात आणि नक्षी फिसकटते. गडद कापडावर अपारदर्शक रंगच दिसतो. छपाई पूर्ण वाळल्यावर उलट बाजूने इस्त्री फिरवली की रंग पक्का होतो.

यानंतर कापणी आणि जुळणी. छपाई नेहमी कापण्याआधी करावी. लहान तुकडा ठशाखाली सरकतो. जाड सुती अस्तरावर आधी मागचे तुकडे मांडावेत, मग पुढचे: आकाश, डोंगर, घर, झाड. मांडणी मनासारखी झाली की टाचण्या लावून कच्चा धावदोरा घालावा. कडा पाव इंच आत दुमडून हेम घातली तर काम नेटके दिसते, दुमडल्या नाहीत तर सुटे धागे पोत देतात.

शेवटी भरतकाम. भरतकामाच्या दोऱ्यात सहा पदर असतात. बारीक रेघेसाठी दोन, ठळक रेघेसाठी तीन किंवा अधिक घ्यावेत. पानाच्या शिरा, छपराची कौले, पावसाच्या सरी या ठशात न बसणाऱ्या गोष्टी इथे येतात. हेच टाके थरही एकत्र बांधतात. साध्या धावदोऱ्याने थर बांधण्याची ही पद्धत महाराष्ट्रातील गोधडीत, बंगालच्या कांथ्यात आणि उत्तर कर्नाटकातील सिद्दी समाजाच्या कवंदीत पूर्वीपासून आहे. त्यामुळे टाके शिकायला घरातली जुनी गोधडी हाच उत्तम नमुना.

भिंतीवर लावायच्या चित्राच्या मागे वरच्या कडेला कापडी नेफा शिवून त्यात काठी ओवावी. चित्र थेट उन्हात टांगू नये, रंग फिके पडतात.