हिरवे रोप आणि निर्धोक भाजी

घाटकोपर-मुलुंडकडे जाणाऱ्या आगगाडीच्या खिडकीतून रुळांच्या कडेचे, गटाराच्या पाण्यावर वाढलेले पालक-माठाचे वाफे मुंबईकरांनी वर्षानुवर्षे पाहिले आहेत. तशी भाजी घरात नको म्हणून अंधेरी-बोरिवलीकडील पुष्कळ गृहिणी सज्जातच मेथी-पालक पेरू लागल्या. हेतू स्तुत्य खरा. परंतु कुंडीतील माती कोठून आली, हा प्रश्न उरतोच. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. तथापि शिसे कुजत नाही की विरून जात नाही. रस्त्याकाठच्या मातीत व जुन्या रंगाच्या पोपड्यांत ते राहून जाते.

अशी माती फार दूषित असली म्हणजे कोवळ्या रोपाची मुळे खुंटतात, पाने पिवळी पडतात. यावर बी शेवग्याच्या पाल्याच्या पातळ रसात भिजवून पेरावे, असा उपाय सांगतात. त्याने रोप जोम धरते, असे प्रयोगांत दिसलेही आहे. परंतु रोपाचा त्रास कमी होणे आणि रोपातील धातू कमी होणे, ह्या दोन भिन्न गोष्टी होत, हे आमच्या वाचकांनी ध्यानी धरावे. मोहरी कॅडमियम शोषूनही हिरवीगार दिसू शकते. म्हणूनच दूषित जमीन शुद्ध करण्याच्या कामी तिचा विचार झाला. जपानात जिंझू नदीकाठी खाणीतील कॅडमियम भातावाटे लोकांच्या पोटात गेले आणि त्यांची हाडे ठिसूळ झाली. तेथील सरकारने हे कारण १९६८ साली मान्य केले.

तेव्हा खरा उपाय धातूस मातीतच अडकवून ठेवण्याचा होय. पुरते कुजलेले कंपोस्ट शिशाला धरून ठेवते. कोकणातील लाल माती बहुधा आम्लधर्मी असते. तीत थोडा चुना मिसळल्यास कॅडमियम मुळांना सहजी मिळत नाही. पालेभाज्या धातू अधिक ओढतात, टोमॅटो वा दुधीच्या फळांत तो कमी उतरतो. धुतल्याने पानांवरील धूळ जाते, आत मुरलेला धातू जात नाही.

शिशाची बाधा सर्वांत आधी पोहोचते ती लहान मुलांच्या मेंदूस. म्हणून मातीविषयी शंका असेल, तर त्या कुंडीत मोगरा लावावा आणि भाजीसाठी स्वच्छ माती आणावी, हेच आम्हांस श्रेयस्कर वाटते.