नादारी सुटली, घराचे काय?

दिवाळे निघालेल्या व्यापाऱ्याने भर दुपारी दुकानात दिवा लावून ठेवावा, अशी एक जुनी चाल होती म्हणून सांगतात. आता दिवा लावावा लागत नाही. न्यायालयात अर्ज द्यावा लागतो, मालमत्ता रिसीव्हरच्या स्वाधीन करावी लागते, आणि कालांतराने न्यायालय नादाराला मुक्ततेचा हुकूम देते. तो कागद हाती आला की घरातील माणसे कितीतरी दिवसांनी सुखाने जेवतात. वाचकहो, त्या जेवणानंतर काय घडू शकते, ते येथे सांगावयाचे आहे.

एक कुटुंब डोळ्यांपुढे आणा. ते अमुक एक नव्हे. अशी पुष्कळ आहेत. पतीचे कापडाचे दुकान बुडाले आणि तो नादार ठरला. राहता फ्लॅट बँकेच्या कर्जावर घेतलेला, पती-पत्नी दोघांच्या नावे. कर्जाच्या कागदांवरही दोघांच्या सह्या. दुकानाच्या धामधुमीत फ्लॅटचे हप्ते थकले. मुक्ततेचा हुकूम मिळाल्यावर काही महिन्यांनी बँकेची नोटीस आली: साठ दिवसांत येणे भरा, नाहीतर घराचा ताबा घेऊ. न्यायालयाने सोडले आणि बँक धरते, हा कोणता न्याय, असे त्या गृहस्थास वाटले तर नवल नाही.

परंतु गृहकर्जाला दोन दोर असतात. एक माणसाला बांधतो, दुसरा घराला. मुक्ततेचा हुकूम पहिला दोर कापतो. दुसऱ्याला तो हात लावीत नाही. मुंबई, कोलकाता व चेन्नई या शहरांसाठी 1909 चा आणि देशाच्या इतर बहुतेक भागांसाठी 1920 चा असे नादारीचे दोन कायदे इंग्रजी अमदानीत झाले. तारण घेतलेल्या धनकोचा तारणावरील हक्क नादारीमुळे बाधित होत नाही, हे दोहोंतही स्पष्ट लिहिलेले आहे. 2016 च्या नव्या संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून अमलात आला, तो कंपन्यांच्या व्यक्तिगत जामीनदारांपुरता. कापडाच्या दुकानदाराला तो उपयोगाचा नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. 1920 च्या कायद्याप्रमाणे मुक्तता मिळते ती नादाराला. त्याच्याबरोबर कर्जास बांधलेल्या व्यक्तीला किंवा जामीनदाराला नाही. अर्थात लिलावात घराची किंमत कमी आली तर उरलेल्या रकमेसाठी बँक पतीकडे नव्हे, पत्नीकडे वळू शकते. ‘येथे सही कर’ एवढेच ऐकून सही केलेल्या किती गृहिणींना ही गोष्ट कोणी समजावून सांगितली असेल? आमच्या मते ती कर्ज घेण्याच्या दिवशीच सांगावयास हवी होती.

आता त्या नोटिशीकडे वळू. ती 2002 च्या सरफेसी कायद्याखालची असते. खाते नव्वद दिवसांहून अधिक थकल्यावर ते अनुत्पादक ठरते, व मग नोटीस निघते. येणे एक लाख रुपयांपर्यंतच असेल, अथवा मुद्दल व व्याज यांच्या वीस टक्क्यांहून कमी उरले असेल, तर हा कायदा लागू होत नाही. म्हणून आकडे प्रथम तपासावेत. आक्षेप असेल तर तो साठ दिवसांच्या आत लेखी कळवावा. बँकेने पंधरा दिवसांत सकारण उत्तर दिले पाहिजे. याच अवधीत पत्नीने स्वतः बँकेत जाऊन थकलेले हप्ते भरून खाते सुरळीत करता येईल काय, हे विचारावे. तोंडी आश्वासनावर मात्र विसंबू नये, पोच घ्यावी.

येथे एक चूक वारंवार होते. ज्या न्यायालयाने मुक्तता दिली त्याच्याच पायऱ्या माणसे पुन्हा चढतात. या कायद्याखालील कारवाईविरुद्ध दिवाणी न्यायालयाला दाद देता येत नाही. बँकेने ताब्याचे पाऊल उचलल्यापासून 45 दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. पूर्वी त्यासाठी मागणीच्या 75 टक्के रक्कम आधी भरावी लागे. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. दाराला नोटीस चिकटली आणि वृत्तपत्रांत छापून आली म्हणजे सारे संपले असे नव्हे. सांकेतिक ताब्यानंतरही कुटुंब घरातच राहते, आणि दिवस मात्र जात असतात.

घर सोडविण्याचा हक्क लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो. 2016 च्या दुरुस्तीने ही मर्यादा आली व 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. गावाकडची जमीन विकून पैसे उभारावयाचे असतील तर ते त्याआधी.

आणि लिलाव झालाच, तर हिशेब मागावा. समजा, घराचे चाळीस लाख आले आणि खर्चासह येणे चौतीस लाख होते. वरचे सहा लाख बँकेचे नव्हेत. पतीच्या अर्ध्या वाट्यावर नादारीतील रिसीव्हर हक्क सांगू शकतो. पत्नीचे तीन लाख तिचे आहेत, आणि ते तिने आपल्या नावे लेखी मागून घ्यावेत.