वाटाड्याचा हिशेब

रतनवाडी आणि कुमशेत ही अकोले तालुक्यातली दोन डोंगरगावे. वाहनाने एकीकडून दुसरीकडे जायचे तर भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून शेंडीला यावे लागते, तिथून राजूर गाठायचे आणि मग आंबितच्या बाजूने पुन्हा डोंगरात शिरायचे. पायी मात्र मध्ये एकच डोंगररांग आडवी येते, आणि तिच्यात एक खिंड आहे, कात्राबाईची. खिंडीच्या अलीकडे पडलेले पाणी प्रवरेला जाते, पलीकडचे मुळेला. या दोन नद्या भेटतात त्या थेट नेवासे तालुक्यात. इथली माणसे मात्र ही भेट पिढ्यान्‌पिढ्या एका दिवसात उरकत आली. सोयरीक असो की गुरांचा सौदा, माणूस खिंडीतूनच जायचा.

आता गावोगाव रस्ते पोचले आणि या वाटेवर शहरातली पावले अधिक दिसू लागली. रतनगड पाहून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, तिथून पाचनई आणि मग हरिश्चंद्रगड, अशी ही दोन-तीन दिवसांची सुंदर चाल आहे. थंडी पडली की घरोघरी तिचे बेत शिजतात. बूट, तंबू, पाठपिशव्या यांच्या याद्या होतात. फोनवर कुणीतरी चाललेल्या वाटेची रेघ उतरवून घेतली जाते. आणि यादीच्या अगदी शेवटी कुणीतरी म्हणतो, ‘वाटाड्या तिथे गेल्यावर बघू.’ मला वाटते, ही यादी उलटी लिहायला हवी.

फोनवरची ती रेघ खोटी नसते, पण ती कुणाच्या तरी जानेवारीतल्या पावलांची असते. दसऱ्याच्या सुमारास त्याच वाटेवर पुरुषभर गवत असते आणि कारवीच्या रानात वाट बुजलेली असते. शिवाय जंगलात सर्वांत ठसठशीत वाटा असतात त्या गुरांच्या. त्या चाऱ्याकडे आणि पाण्याकडे जातात, खिंडीकडे नव्हे. रतनवाडीहून निघाल्यावर रानात एक फाटा रतनगडाच्या शिडीकडे जातो, दुसरा खिंडीकडे. गावच्या माणसाला तिथे विचार करावा लागत नाही. आपल्याला करावा लागतो आणि संध्याकाळ तेवढी वाट पाहत नाही.

तेव्हा आधी माणूस ठरवावा आणि त्याच्या सोयीने तारीख. आषाढात भाताची आवणी असते. ऐन पावसात तसेही या वाटेला जाऊ नये. दिवाळीच्या आगेमागे सोंगणी असते, तेव्हा घरातला एकही हात मोकळा नसतो. उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करण्याची घाई असते आणि पाणीही आटलेले असते. उरतात डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीन महिने. आठ-पंधरा दिवस आधी निरोप द्यावा. बरोबर मुले किती, वयस्क किती, कुणाला दम्याचा त्रास आहे का, हे सांगून टाकावे. हा सगळा भाग अभयारण्याचा आहे, तेव्हा तिथली प्रवेशाची आणि मुक्कामाची रीत काय, हेही त्यालाच विचारावे. आणि आभाळाकडे पाहून तो ‘आज नको’ म्हणाला, तर तो शेवटचा शब्द समजावा.

माझे आयुष्य बँकेत गेले, म्हणून पैशाचेही बोलतो. रतनवाडीचा माणूस दुपारी आपल्याला कुमशेतला पोचवतो. आपला दिवस तिथे संपतो, त्याचा संपत नाही. त्याला तीच खिंड चढून घरी जायचे असते, किंवा परगावी मुक्काम करायचा असतो. ठरवताना ही परतीची चाल कुणी धरत नाही. ती धरावी. पुढच्या टप्प्याला कुमशेतचाच माणूस घ्यावा, म्हणजे ज्याचे शिवार त्याची वाट आणि कमाईही दोन्ही गावांत राहते. नागलीची भाकरी आणि पिठले रांधून घालणाऱ्या मावशींचे पैसे त्यांच्याच हातात द्यावेत. वाटाड्याच्या रकमेत ‘धरून’ टाकू नयेत. रोख बरोबर असावी, तीही सुट्टी. डोंगराआड फोन मुका झाला की त्यातले पैसेही मुके होतात. आणि जे ठरवायचे ते निघण्याआधी, अंगणात, चारचौघांत ठरवावे. मुक्कामी पोचल्यावर घासाघीस करणे म्हणजे मुदत संपल्यावर व्याजाचा दर बदलणे होय.

यात औदार्य काहीच नाही. वाट ही चालण्यानेच राहते. गावचे तरुण कामासाठी नाशिक-पुण्याकडे जातात; त्यांना खिंडीची गरज उरलेली नाही. वाट ठाऊक आहे ती बापाला, आजोबाला. चार-पाच पावसाळे कुणी गेले नाही, की कारवी आपले काम चोख करते. या ज्ञानाला चार पैसे मिळाले, तरच पुढची पिढी ते शिकायला थांबेल. नाहीतर पुढे फोनवर रेघ तेवढी उरेल आणि चुकलेल्याला हाक मारून बोलावणारे कुणी उरणार नाही.

म्हणून एवढेच सांगतो. ठरलेल्या दिवशी म्हाताऱ्या वाटाड्याबरोबर त्याचा नातूही आला, तर ‘एकच ठरला होता’ असे म्हणू नका. पोराला पुढे चालू द्या, आणि पैसे दोघांचे द्या.