तिथी, कातळ आणि शटर

कोकणच्या किनाऱ्यावरचा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि त्यातून बेसॉल्ट खडक तयार झाला. लाव्हा निवताना आकसतो, आकसताना तडकतो. खडकातल्या या उभ्या-आडव्या चिरा समुद्राला आयत्याच सापडतात. लाट आदळली की चिरेतली हवा क्षणभर दाबली जाते, लाट मागे सरताच तो दाब एकदम सुटतो. हे दिवसरात्र चालू राहिले की चिरा रुंदावतात आणि ठोकळे निखळतात. कड्याचा पायथा आत खणला जातो, वरचा भाग ढासळतो, कडा मागे हटतो आणि त्याच्या जागी जवळजवळ सपाट असा कातळाचा ओटा उरतो. भूशास्त्रात याला तरंगघर्षित मंच म्हणतात. भरतीत हा मंच पाण्याखाली असतो, ओहोटीत उघडा पडतो. किनाऱ्याच्या छायाचित्रणाचे निम्मे गणित इथेच ठरते.

रायगड जिल्ह्यात, सावित्री नदीच्या मुखाजवळ हरिहरेश्वरला असा मंच अगदी जवळून पाहता येतो. देवळाच्या प्रदक्षिणेची वाट टेकडीवर चढते, कड्याच्या फटीतून पायऱ्यांनी खाली उतरते आणि मग समुद्राच्या बाजूने कातळावरून जाते. भरतीच्या वेळी ही वाट बंद असते. इथल्या कड्यावर मधाच्या पोळ्यासारखी भोके दिसतात, कुठे बोट जाईल एवढी, कुठे मूठ मावेल एवढी. ही भोके लाटांनी थेट पाडलेली नाहीत, ते मिठाचे काम आहे. उडालेले खारे तुषार खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत मुरतात, उन्हाने पाणी उडून जाते आणि मागे राहिलेले मिठाचे स्फटिक वाढता वाढता खडकाचा एकेक कण सुटा करतात. एकदा खळगा पडला की त्यात सावली आणि ओल टिकते, मीठ जास्त साचते आणि खळगा आणखी खोल जातो. दोन खळग्यांमधल्या पातळ भिंती का तगून राहतात, यावर मात्र अभ्यासकांचे एकमत नाही. भर दुपारी या कड्याचा फोटो सपाट येतो. ऊन बाजूने, तिरपे पडू लागले की प्रत्येक भोकाच्या कडेला सावलीची कड मिळते आणि खोली कळते.

रत्नागिरीपासून दक्षिणेकडे जांभा ठळक होत जातो. मूळ खडकातले सिलिका आणि इतर विरघळणारे घटक पावसाने धुऊन नेले आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरले, की जांभा तयार होतो. त्याचे वरचे कवच टणक असते, पण खालची मातकट चिकणमाती मऊ. समुद्र खालून माती पोखरतो आणि वरची तुळई अधांतरी राहते. म्हणून जांभ्याच्या कड्याच्या अगदी टोकावर तिवई लावणे हा शुद्ध अविचार. गोव्यात बेसॉल्ट संपतो आणि दोनशे कोटी वर्षांहून जुने खडक दिसू लागतात. पाळोळ्याच्या किनाऱ्यावरच्या ग्रॅनाइटच्या गोलसर धोंड्यांचा बाज वेगळा आहे. त्यांना धारदार कडा नाहीत, त्यामुळे तिथले चित्र रेषांऐवजी गोलाईवर उभे राहते.

जागा ठरली की प्रश्न वेळेचा. कॅमेऱ्याची पुस्तके सूर्योदय आणि सूर्यास्त सांगून थांबतात. कोकणात तेवढ्याने भागत नाही, पंचांगही लागते. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे भरती रोज जवळजवळ पन्नास मिनिटे पुढे सरकते. मुंबईच्या आसपास अमावास्या-पौर्णिमेला पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते. यावरूनच कोळ्यांचा तोंडी हिशेब निघाला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. बारकाईने पाहिले तर पंधरा तिथींत बारा तास सरकायचे म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटे होतात आणि पाऊणकीने ४५ धरली जातात. पंधरवड्याअखेर हा फरक पाऊण तासावर जातो. पण होडी लोटायला एवढी अचूकता पुरते, आणि पाऊणकीचा पाढा पाठ असलेल्या पिढीला याहून सोपा हिशेब सापडला नसता.

याचा छायाचित्रणाशी संबंध असा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्राचे ओढणे एकाच रेषेत येते आणि उधाण होते: भरती सर्वांत वर, ओहोटी सर्वांत खाली. भरती बाराला, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास. एरवी पाण्याखाली असणारा कातळ जेव्हा सर्वांत जास्त उघडा पडतो, नेमका तेव्हाच सोनेरी उजेडही मिळतो. अष्टमीला उलटे होते. तेव्हाची भरती, म्हणजे भांगाची भरती, बेताची असते, ओहोटीही बेताची आणि तीही भर दुपारी. मात्र लाट कड्यावर फुटतानाचे चित्र हवे असेल तर अष्टमीची संध्याकाळ कामाची, कारण तेव्हा पाणी कड्यापर्यंत आलेले असते.

त्यातही पौर्णिमा-अमावास्येच्या आधीचे आणि नंतरचे दिवस सारखे नाहीत. त्रयोदशीला ओहोटीचा तळ दुपारी चारच्या सुमारास येऊन जातो, म्हणजे सूर्यास्ताला पाणी चढत असते. प्रतिपदा-द्वितीयेला तळ सातच्या पुढे, म्हणजे सूर्यास्ताला पाणी उतरत असते. उतरत्या पाण्यातून नुकताच बाहेर आलेला कातळ ओला, चकचकीत आणि बिनपावलांचा असतो, खळग्यांत पाणी शिल्लक असते आणि परतीची वाट खुली राहते. शिवाय उधाणाचा खरा जोर तिथीनंतर एक-दोन दिवसांनी येतो. शुद्ध द्वितीयेला तर सूर्य बुडाल्यावर पश्चिमेलाच, समुद्रावर चंद्रकोर असते. किनाऱ्याच्या छायाचित्रासाठी महिन्यातली एकच संध्याकाळ निवडायची झाली, तर हीच.

हा हिशेब मुंबई-रायगडकडचा आहे. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते आणि तिची उंचीही कमी होते. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते, गोव्यात जेमतेम दोन मीटर. दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या खोल नसतात. म्हणून जागेवर जाण्यापूर्वी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकाशी ताळा जमवलेला बरा.

किनारा पश्चिमाभिमुख असल्याने सूर्य समुद्रात मावळतो, पण उगवतो सह्याद्रीमागून. सकाळी कडे सावलीत असतात, उजेड मऊ असतो आणि जमिनीवरून वाहणाऱ्या मतलई वाऱ्यामुळे किनाऱ्यालगतचे पाणी शांत असते. दुपारनंतर खारे वारे सुटतात आणि हवेत तुषारांचा पांढुरका पडदा येतो. सूर्यास्ताची जागा डिसेंबर ते जून या काळात क्षितिजावर जवळपास ५० अंशांनी सरकते, त्यामुळे एखाद्या सुळक्यामागे सूर्य बुडताना हवा असेल तर महिना चुकवून चालत नाही. या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि संधिप्रकाश लवकर आटोपतो. सूर्यास्तानंतर वीस-बावीस मिनिटांत कामाचा उजेड संपतो.

शटर किती वेळ उघडे ठेवायचे, यावर पाण्याचे रूप ठरते. एक मीटर खोल पाण्यात लाट सेकंदाला साधारण तीन मीटर वेगाने धावते. १/१००० सेकंदात ती फक्त तीन मिलिमीटर सरकते, म्हणून थेंब न् थेंब गोठल्यासारखा दिसतो. पाव सेकंदात ती पाऊण मीटर सरकते आणि फेसाच्या रेघा उमटतात. अर्धा ते दोन सेकंद हा टप्पा सर्वांत बोलका: लाट मागे सरू लागली की बटण दाबायचे, म्हणजे कातळावरून परतणाऱ्या फेसाची प्रत्येक धार ओढलेली दिसते आणि पाण्याची दिशा कळते. लाट येताना हेच केले तर पांढरा गोळा मिळतो.

तीस सेकंदांच्या पुढे कित्येक लाटांची सरासरी होऊन समुद्राचे धुके बनते. उजेड असताना शटर इतके लांबवायला काळसर काचेचा एनडी फिल्टर लावतात. दहा स्टॉपचा फिल्टर प्रकाश सुमारे हजारपट कमी करतो, म्हणजे १/३० सेकंदाचे चित्र अर्ध्या मिनिटावर जाते. शांत, धूसर चित्रे हल्ली इतकी झाली आहेत की जगातले सगळे किनारे त्यात सारखेच दिसू लागतात. कोकणच्या लाटेचा दणका त्यात हरवतो.

काळा कातळ आणि पांढरा फेस एका चौकटीत आणणे ही जुनी अडचण आहे. बेसॉल्टवर पडलेल्या प्रकाशातला फार थोडा परत येतो, ताज्या फेसावरून निम्म्याच्या आसपास. कॅमेऱ्याचा मीटर मात्र समोरचे सगळे मध्यम करडे आहे असे धरून चालतो. चौकटीत कातळ जास्त असला की मीटर चित्र उजळवतो, कातळ राखाडी होतो आणि फेसातले तपशील जळून जातात. त्यामुळे एक्स्पोजर एक-दीड स्टॉप कमी ठेवून, हिस्टोग्रामचे उजवे टोक सांभाळून काम करावे लागते. सावलीतले तपशील नंतर वर काढता येतात, जळालेला फेस परत येत नाही.

फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची चित्रे काढली, तेव्हा ही अडचण आणखी बिकट होती. त्या काळच्या कोलोडियनच्या काचा निळ्या प्रकाशाला जास्त संवेदनशील होत्या, म्हणून समुद्रापुरते एक्स्पोजर दिले की आकाश कोरे यायचे. त्यांनी काही चित्रांत आकाश एका निगेटिव्हवर, पाणी दुसऱ्या निगेटिव्हवर घेतले आणि क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जुळवून एकच प्रत छापली. तेच ढग त्यांच्या एकाहून अधिक चित्रांत आढळतात. आज दोन-तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरची चित्रे संगणकावर एकत्र करतात, त्याचे मूळ इथे आहे.

कातळ ओला झाला की अधिक काळा दिसतो. खडकावरून परतणारा काही प्रकाश पाण्याच्या पातळ थराच्या वरच्या पृष्ठावरून पुन्हा खाली फेकला जातो आणि खडकात शोषला जाण्याची आणखी एक संधी त्याला मिळते. त्याच पाण्यावर आकाशाची चकाकीही असते. पोलरायझर फिल्टर फिरवून ती घालवता येते. पाण्याकडे क्षितिजापासून साधारण ३७ अंश खाली पाहताना त्याचा परिणाम सर्वाधिक होतो आणि खळग्याचा तळ, त्यातले शेवाळ, कडेला चिकटलेली कालवे स्पष्ट दिसतात. पण सूर्यास्ताचा रंग त्याच चकाकीत असतो, तेव्हा फिल्टर काढून ठेवणेच इष्ट. जवळच्या खळग्यापासून क्षितिजापर्यंत सगळे रेखीव हवे असेल, तर फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची लेन्स एफ/११ वर ठेवून पावणेदोन मीटरवर फोकस केला की साधारण ९० सेंटिमीटरपासून पुढचे सारे आवाक्यात येते.

लेन्सवर उडालेला तुषार कोरड्या कापडाने पुसू नये, मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेले कापड, मग कोरडे. तिवईचे पाय वाळूत असतील तर प्रत्येक लाट त्यांच्याभोवतीची वाळू उपसते आणि लांब एक्स्पोजरमध्ये चित्र हलते. पाय दाबून खोल रोवावे किंवा कातळावर टेकवावे.

समुद्राकडे पाठ करू नये हा किनाऱ्यावरचा पहिला नियम. थोड्या वेगळ्या लांबीच्या लाटा एकत्र येतात तेव्हा कधी एकमेकींत मिळतात, कधी एकमेकींना मारतात, म्हणून मोठ्या लाटा गटाने येतात. दहा मिनिटे शांत दिसलेली जागा अकराव्या मिनिटाला धुऊन निघू शकते. उभे राहण्यापूर्वी किमान पंधरा मिनिटे पाणी पाहावे. कातळ कुठपर्यंत ओला आहे, हिरवे शेवाळ कुठे सुरू होते, हे पाहिले की पाण्याची मजल कळते. पावसाळ्यात या मंचांवर उतरूच नये.

परतीचा हिशेबही भरतीचाच आहे. ओहोटीच्या तळापासून पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्याएवढे पाणी येते, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन. सुरुवातीला पाणी हललेच नाही असे वाटते आणि मग ते मंचाच्या सखल, जमिनीकडच्या बाजूने आधी भरते, म्हणजे पुढचा कातळ कोरडा असतानाच मागची वाट तुटते. त्यामुळे कॅमेरा तळानंतर तासाभरात आवरावा, आणि उतरतानाच वाटेतल्या सर्वांत सखल जागेची खूण करून ठेवावी.