रिकवुडची फुली

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम शहर आहे. तिथल्या रिकवुड मैदानाच्या कुंपणामागे जुनी काँक्रीटची भिंत आहे आणि भिंतीवर एक फुली. १९४८ साली वॉल्ट ड्रोपो नावाच्या धिप्पाड फलंदाजाने मारलेला चेंडू तिथे आदळला, असं सांगतात. अंतर ४६७ फूट, म्हणजे १४२ मीटर. आपल्याकडे शंभर मीटरच्या षटकारावरच समालोचकांचा आवाज बसतो.

लोखंडाच्या धंद्यातल्या रिक वुडवर्डने १९१० साली हे बेसबॉल मैदान बांधलं आणि स्वतःच्याच नावाचे दोन तुकडे जोडून त्याला रिकवुड म्हटलं. बहुतेक स्टँड लाकडी असण्याच्या काळात याने पोलाद आणि काँक्रीट वापरलं. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलचं यापेक्षा जुनं मैदान आज उभं नाही.

इथे दोन संघ नांदले. गोऱ्यांचे बॅरन्स बाहेरगावी गेले की मैदान काळ्यांच्या ‘ब्लॅक बॅरन्स’चं. गोऱ्यांच्या सामन्याला काळ्या प्रेक्षकांनी उजवीकडच्या उघड्या बाकांवर बसायचं. एकमेकांशी खेळायला तर शहराच्या कायद्यानेच मनाई. पुढे बेसबॉलमधला थोर खेळाडू ठरलेला विली मेज १९४८ मध्ये, सतराव्या वर्षी, ब्लॅक बॅरन्समधूनच खेळला. रेडिओवर बॅरन्सचं धावतं वर्णन करून घराघरात पोचलेला बुल कॉनर पुढे पोलीसखात्याचा प्रमुख झाला, आणि १९६३ मध्ये त्याच्याच हुकमाने वर्णभेदाविरुद्ध निदर्शनं करणाऱ्या मुलांवर कुत्रे आणि पाण्याचे फवारे सोडले गेले. या मैदानाच्या आठवणी अशा एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

बॅरन्स १९८७ नंतर नव्या स्टेडियममध्ये गेले. जुनं मैदान पाडून टाकायला तेवढं कारण पुरलं असतं. पण १९९२ मध्ये गावातल्याच काही लोकांनी ‘फ्रेंड्स ऑफ रिकवुड’ ही संस्था काढली आणि छप्पर, रंगकाम, डागडुजी असं एकेक काम हातात घेतलं. पैसे जमतील तसं काम. १९९६ पासून बॅरन्स वर्षातून एक सामना इथे खेळू लागले, जुन्या धाटणीचे गणवेश घालून.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. टाय कॉब या खेळाडूवरच्या, १९९४ साली आलेल्या सिनेमाचं चित्रीकरण इथे झालं. त्यासाठी कुंपणावर जुन्या काळच्या जाहिराती रंगवल्या होत्या. चित्रीकरण आटोपलं, जाहिराती मात्र राहिल्या. काटेकोर पुरातत्त्ववाल्याला झीट येईल. पण ज्या मैदानावर वर्षानुवर्षं थर चढत गेले, ते नेमकं कोणत्या सालात नेऊन ठेवायचं? १९१० मध्ये? की १९४८ मध्ये, त्या वेगळ्या बाकांसकट? मला विचाराल तर सिनेमाचा रंगही त्या मैदानाचाच एक थर.

अमेरिकी बेसबॉलच्या मोठ्या लीगची नजर इकडे वळायला २०२४ उजाडलं. २० जूनला सेंट लुईस कार्डिनल्स आणि सॅन फ्रान्सिस्को जायंट्स इथे खेळणार होते. मेजच्या सन्मानाचाही बेत होता. मेज १८ तारखेला गेला, वयाच्या ९३ व्या वर्षी. त्या संध्याकाळी रिकवुडवर बॅरन्सचाच सामना चालू होता. बातमी कळली तशी माणसं उभी राहिली.

२० तारखेचा सामना कार्डिनल्सने ६-५ असा जिंकला. त्या रात्री मैदानावरचे सगळे पंच कृष्णवर्णीय होते. मोठ्या लीगच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं.