निवृत्ताचा वेळ आणि शंभर सीसीची फटफटी

सेवानिवृत्त माणसाने काय करावे, याविषयी आपल्या समाजाच्या कल्पना अगदी ठाम आहेत. त्याने सकाळी फिरावयास जावे, येताना दूध आणावे, नातवंडांना शाळेच्या गाडीपर्यंत पोचवावे आणि घरातील इतर माणसे कामावर गेली की बँकेच्या रांगेत उभे राहावे. प्रवास करावयाचाच झाला तर तो यात्रा कंपनीच्या गाडीतून, गरम पाण्याची व पथ्याच्या जेवणाची सोय पाहून करावा. या चौकटीत न बसणारी एखादी गोष्ट त्याने मनात आणली, की घरात बैठक बसते. आमच्या घरात अशी बैठक २०२३ च्या दिवाळीत बसली, आणि मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवितो व आकडे जवळ बाळगतो म्हणून तीत सरकारी वकिलाचे काम माझ्याकडे आले.

आरोपी होते माझे काका. वय वर्षे अडुसष्ट. १९७७ पासून २०१३ पर्यंत त्यांनी जमिनींच्या जुन्या दप्तरांत कारकुनी केली. मोडी वाचणाऱ्या शेवटच्या काही कारकुनांपैकी ते एक. लोकांच्या इनामांची, वहिवाटींची आणि भाऊबंदकीची कागदपत्रे त्यांनी छत्तीस वर्षे वाचून दिली. त्यांच्यावर आरोप असा होता, की साताऱ्याहून तंजावरपर्यंत, म्हणजे एका बाजूने सुमारे साडेअकराशे किलोमीटर, आपल्या जुन्या शंभर सीसीच्या मोटारसायकलवरून एकट्याने जाण्याचा त्यांचा विचार आहे. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याची मराठी बखर कोरून घेतली आहे, ती मला उभे राहून वाचावयाची आहे. त्यांचा थोरला मुलगा, आमचा दादा, पुण्याला नोकरीस असतो. तो म्हणाला, "अहो बाबा, तिचे फोटो मिळतील की." काकांनी त्यावर काही उत्तर दिले नाही. आगगाडीने जा, असेही सुचवून झाले. तेही त्यांनी ऐकून घेतले.

त्या गाडीविषयी थोडे सांगावयास हवे. काका नोकरीस लागले तेव्हा स्कूटरसाठी नाव नोंदवून अनेक वर्षे, प्रसंगी दहा वर्षे, थांबावे लागे, हे आजच्या विद्यार्थ्यांना सांगितले तर ते हसतात. १९७२ साली आलेली पन्नास सीसीची लूना कारकुनाच्या आवाक्यात होती, पण ती तालुक्याच्या गावापर्यंतची. येझदी-राजदूतच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागे आणि पगाराचा मोठा भाग टाकीत जाई. १९८५ साली हीरो होंडाची शंभर सीसीची चार-स्ट्रोक गाडी आली, आणि एका लिटरमध्ये साठ-सत्तर किलोमीटर जाता येते हे मध्यमवर्गाला प्रथमच कळले. माझ्या मते या देशातील मध्यमवर्गीय माणसाच्या फिरण्याचा परीघ जितका या लहान इंजिनाने वाढविला तितका क्वचितच दुसऱ्या कशाने वाढविला असेल. आमच्या पाठ्यपुस्तकांत मात्र तिचा उल्लेख टिकाऊ उपभोग्य वस्तूंच्या कोष्टकातील एक ओळ एवढाच असतो. काकांनी आपली गाडी १९९८ साली भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून घेतली. तिच्या नोंदणीची पंधरा वर्षे २०१३ साली संपली, म्हणजे काका निवृत्त झाले त्याच वर्षी. तपासणी करून गाडीला पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली आणि पुढेही मिळत गेली. माणसांसाठी अशी सोय नाही, एवढेच काका म्हणत.

बैठकीत मी माझे आकडे मांडले. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांत दुचाकीवरची ४४.५ टक्के होती. काकांनी शांतपणे विचारले, "रस्त्यावर एकूण गाड्यांत दुचाकी किती असतात रे?" नोंदणी झालेल्या वाहनांपैकी सुमारे तीनचतुर्थांश दुचाकीच आहेत, हे मला कबूल करावे लागले. अर्थात या उत्तराने दुचाकी सुरक्षित ठरत नाही. मृतांत पादचारीही असतात, आणि कोणते वाहन किती किलोमीटर चालले याचा हिशेब केल्याशिवाय अशी तुलना करू नये, असे मीच वर्गात सांगतो. पण सरकारी वकिलाचा धीर तेथेच खचला. त्याच वर्षी हेल्मेट न घातल्याने दगावलेल्यांची संख्या पन्नास हजारांवर होती, आणि काका दुधाला जातानासुद्धा हेल्मेट घालतात.

शिवाय मी तयारीसाठी म्हणून वाचावयास गेलो होतो, त्यातून भलताच पुरावा हाती आला. टेड सायमन हा इंग्रज पत्रकार १९७३ ते १९७७ अशी चार वर्षे पाचशे सीसीच्या ट्रायम्फवरून जगभर हिंडला, आणि २००१ साली सत्तरीला टेकलेला असताना पुन्हा त्याच वाटेने निघाला. त्याच्याकडे तरी मोठी गाडी होती. सायमन गॅन्डॉल्फी या कादंबरीकाराने २००६ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, हृदयविकाराचे दोन झटके पचवून, मेक्सिकोतील व्हेराक्रूझहून दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे प्रस्थान ठेवले ते सव्वाशे सीसीच्या होंडावर. मोठी गाडी सोडून लहान का, याचे कोडे काकांची गाडी पाहिल्यावर सुटते. तिचे वजन एकशेदहा किलोच्या आसपास आहे; बुलेटचे पावणेदोनशेच्या पुढे जाते. आडवी पडलेली लहान गाडी साठीतला माणूस एकट्याने उभी करू शकतो. तिच्यात एक लिटरपेक्षा कमी ऑइल लागते. प्लग, क्लच वायर आणि ट्यूब कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळते, आणि दुरुस्त करणारा पोरगा ती डोळे मिटून उघडतो, कारण त्याच्या स्वतःच्या घरी तीच गाडी असते. तिच्यावरून आलेल्या म्हाताऱ्याकडे कोणी श्रीमंत पाहुणा म्हणून पाहत नाही.

खरा प्रश्न मात्र सुरक्षिततेचा नव्हताच, असे मला पुढे वाटू लागले. तो वेळेचा होता. महामार्गाची योजना आखली जाते तेव्हा लाभाच्या रकान्यात सर्वांत मोठी रक्कम बहुधा वाचलेल्या वेळेची असते. तासाची किंमत ठरते ती त्या तासात माणूस जे कमावू शकला असता त्यावरून. आम्ही तिला वैकल्पिक खर्च म्हणतो. निवृत्त माणूस काही कमावीत नाही, म्हणून त्याचा तास हिशेबात जवळजवळ फुकट. घरेही नेमका हाच हिशेब करतात. विजेचे बिल, गॅसचा माणूस, नळ दुरुस्त करणारा, नातवाची फी, या सर्वांसाठी काकांचे तास उपलब्ध असतात, कारण त्यांना काय काम आहे? मात्र त्याच काकांनी आपले पंधरा-वीस दिवस स्वतःसाठी मागितले, की ते दिवस एकाएकी मौल्यवान होतात. इतके, की ते धोक्यात घालण्याचा अधिकार त्यांना राहत नाही. काका मला नंतर म्हणाले, "माझ्याजवळ वेळ पुष्कळ आहे असे सगळे म्हणतात. तास पुष्कळ आहेत रे. वर्षे किती आहेत?" तास व वर्षे ही एकाच मापाची लहानमोठी परिमाणे आहेत असे आपण धरून चालतो. अडुसष्टाव्या वर्षी एकाची रेलचेल असते आणि दुसऱ्याची टंचाई, ही गोष्ट एवढी वर्षे मागणी-पुरवठा शिकवूनही माझ्या ध्यानात आली नव्हती.

बैठकीचा निकाल लागलाच नाही. काका ५ जानेवारी २०२४ रोजी पहाटे निघाले. पहिला मुक्काम बेळगाव, दुसरा हावेरी, तिसरा चित्रदुर्ग. ताशी पंचेचाळीस-पन्नास हा वेग, दर तासाने दहा मिनिटे विश्रांती, आणि साडेचारनंतर गाडी हाकावयाची नाही, कारण एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून समोरचे दिवे त्यांना सोसत नाहीत. ब्याडगीजवळ मिरचीचा हंगाम सुरू झाला होता. तो हेल्मेटच्या काचेतूनही नाकाला कळला, असे त्यांनी फोनवर सांगितले. मोटारीत बसून गेलेल्या माणसाला ब्याडगी हा रस्त्यावरचा एक फलक असतो. दावणगिरीला त्यांनी लोणी डोसा खाल्ला आणि पथ्य मोडल्याचे स्वतःच कळविले. तुमकूरनंतर बंगळूर शहर टाळून ते कृष्णगिरीस गेले.

पुढचा मजकूर त्यांनी मला वर्षभर कोणाला सांगू दिला नव्हता. आता लिहिलेस तरी चालेल, म्हणाले. धर्मपुरी ओलांडून सेलमकडे जाताना तोप्पूरचा घाट लागतो. उताराला लागलेल्या अवजड मालट्रकांचे ब्रेक निकामी होऊन तेथे आजवर अनेक अपघात झाले आहेत. काका साइडपट्टीच्या कडेने उतरत होते. एके ठिकाणी साइडपट्टी संपली, आणि मागून येणाऱ्या ट्रकने कर्णा वाजवून जेमतेम हातभर अंतरावरून त्यांना ओलांडले. वाऱ्याच्या झोताने गाडी डगमगली, पडली नाही. खाली उतरल्यावर त्यांनी ती उभी केली, आणि हात थरथरत असल्यामुळे अर्धा तास त्यांना किल्ली फिरविता आली नाही. "त्या अर्ध्या तासात दादाचे सगळे बोलणे आठवले," ते म्हणाले. "आणि ते खरे होते." त्यांनी परत फिरण्याचा विचारही केला, पण परत यावयाचे तर तोच घाट चढावा लागला असता. त्या रात्री ते नामक्कलला राहिले. मालट्रकांचे सांगाडे बांधण्याचा धंदा तेथे मोठा आहे. ज्यांना घाबरलो त्यांचे माहेरच ते, असे काका सांगतात तेव्हा हसतात, पण मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही.

नामक्कलहून त्रिचनापल्ली आणि कावेरीकाठाने तंजावर. पोंगल दोन दिवसांवर आला होता. रस्त्याच्या दुतर्फा उसाच्या मोळ्या आणि मुळांसकट उपटलेली ओली हळद विकावयास मांडली होती. देवळात काका तीन सकाळी गेले. लेख देवनागरीत आहे, मोडीत नव्हे; तरी ओळ कोठे तुटते, शब्द कोठे जोडावा, याची सवय त्यांच्या डोळ्यांना दप्तरखान्याने लावलेली. पहिल्या दिवशी एक रखवालदार त्यांना हटकून गेला. तिसऱ्या दिवशी त्यानेच बसावयास सावलीची जागा दाखविली. एक स्थानिक वृद्ध गृहस्थ, ज्यांच्या घरी अद्याप त्यांची ती दक्षिणी मराठी बोलली जाते, काकांना ओळ मोठ्याने वाचताना ऐकून थांबले. दोघांनी एकमेकांची मराठी दोनदा-दोनदा विचारून समजून घेतली. १८५५ साली इंग्रजांनी ते राज्य खालसा केले; भाषा मात्र त्या घरात टिकून राहिली.

परतीच्या वाटेवर तोप्पूरचा घाट काकांनी गाडी टेम्पोत चढवून पार केला. हे मला त्यांच्या संपूर्ण प्रवासातील सर्वांत शहाणपणाचे कृत्य वाटते.

जमाखर्चही सांगतो. सुमारे चोवीसशे किलोमीटर, चाळीस लिटर पेट्रोल, म्हणजे चार हजारांच्या थोडे वर. मुक्काम व जेवण धरून सारा खर्च निवृत्तिवेतनाच्या एका महिन्यात बसला. आगगाडीने तो निश्चितच कमी झाला असता. तेव्हा काटकसर हे या प्रवासाचे कारण नव्हे. मार्शल ज्याला उपभोक्त्याचे संतोषाधिक्य म्हणतो, ते या बाबतीत कसे मोजावे हे मला ठाऊक नाही, आणि दादापुढे ते मांडण्याचे धाडसही झाले नाही.

तथापि दोन गोष्टी मोजता येतात, आणि त्यांची जबाबदारी काकांवर टाकता येत नाही. चाळिशीनंतर परवान्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, आणि पंचावन्ननंतर दर पाच वर्षांनी परवान्याचे नूतनीकरण करावे लागते. नियम उत्तम आहे. २०२३ साली काकांसोबत मी गेलो तेव्हा प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांकडे न पाहता सही केली. डोळ्यांची व मानेच्या हालचालीची खरीखुरी तपासणी झाली असती, तर तिचा निकाल काकांनी मानला असता. ते आयुष्यभर सरकारी कागद मानत आले आहेत. दुसरी गोष्ट साइडपट्टीची. द्रुतगती मार्गावरून दुचाकीला मनाई करणे मी समजू शकतो. मुंबई-पुणे मार्गावर ती आहेच. पण इतर महामार्गांवर, जेथे ती कायद्याने जाऊ शकते, तेथे सर्व्हिस रोड पुलापाशी आला की नाहीसा होतो आणि साइडपट्टी घाटात, म्हणजे नेमकी हवी तेथे, संपते. वाचलेल्या वेळेचे मूल्य ज्या रकान्यात लिहिले, त्याच्या शेजारच्या रकान्यात हे कोणी लिहिले असेल असे वाटत नाही.

दादा अजूनही बोलत नाही असे नाही, पण त्या विषयावर बोलत नाही. गेल्या महिन्यात तो सुट्टीवर आला तेव्हा त्याने काही न सांगता गाडीचे दोन्ही टायर बदलून आणले आणि मागच्या मडगार्डला लाल रंगाची चकाकणारी पट्टी लावली. काकांनी ती पाहिली आणि गाडीवरून एक फेरी मारून आले. त्यांचा परवाना २०२८ पर्यंत आहे. सागर आणि झाशी येथील मराठी कागदपत्रांविषयी त्यांनी माझ्याकडे चौकशी केली आहे, आणि वाटेत घाट किती आहेत तेही पाहून ठेवावयास सांगितले आहे.